ताई हवेतून येत नाही

सोमवार, १० मार्च २०२५. सकाळी ११ वाजून ७ मिनिटे.

वेळ भिंतीवरच्या घड्याळातून घेतली आहे आणि ते घड्याळ रेडिओशी जुळवलेले आहे. उद्या कोणी वाद घालायला नको. ११ वाजून ७ मिनिटांनी पडद्यावर ताईचे ओठ मिटले आणि चित्र तिथेच थांबले. मिटलेले ओठ, अर्धवट झाकलेला उजवा डोळा, मागे तिच्या सुनेचा, रीनाचा, हात. मग तेही गेले आणि इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागला.

जानेवारीत पक्षाघाताचा झटका आल्यापासून ताई, माझी थोरली बहीण, एक शब्द बोललेली नाही. समजते सगळे, ओठांवर काही येत नाही. पुण्यात तिला बोलायला शिकवणाऱ्या ज्या बाई येतात त्यांनी सांगितले आहे की सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका. रोज घरच्या माणसाने समोर बसून शब्द म्हणावा, ओठ दाखवावेत, तिने ते पाहून म्हणावा. घरचे माणूस म्हणजे मी. रीना अकराला तिच्यासमोर टॅब्लेट उभा करते आणि मी इथून, अहेरीच्या बाहेर जंगलाला लागून असलेल्या माझ्या घरातून, शब्द म्हणते. फोनवरच्या नुसत्या आवाजाचा उपयोग नाही. आणि इथे मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीवर, तीसुद्धा बोलण्यापुरती.

मी 'पाणी' घेतला होता. 'प'ला ओठ मिटतात. तिचे मिटले होते. पुढचे 'आ' माझ्या वाट्याला आले नाही, आणि त्याला सर्वस्वी गोकुळा केबल नेटवर्क जबाबदार आहे.

मालकाला, सुरेंद्रला, फोन लावला. आईच्या नावाने धंदा चालवतो, तेव्हा काही लाज असेल असे वाटले होते.

"मॅडम, कारन तं समजून नाई राह्यलं."

मी म्हटले, "वनविभागाच्या ऑफिसात मी तेहतीस वर्षे वणव्याचे रिपोर्ट टाइप केले. प्रत्येकात 'कारण' असा एक रकाना असतो. आणि प्रत्येक आळशी गार्ड त्यात लिहितो, अज्ञात. ते मला सांगू नका."

"मानूस पाठवतो जी."

आज सगळेच बिनसलेले. सोमारी कामाला आली ती साडेबाराला. कपाळावर काजळी, लुगड्याच्या काठाला जळके भोक, केसांना धुराचा वास. "घरचं काम होतं बाई," एवढेच. चूल फुंकताना तोंड बाजूला ठेवावे हे या बायकांना कोण सांगणार.

बुधवार, १२ मार्च

सुरेंद्रचा माणूस उगवला. चंदन नाव. तिशीचा असेल, सोमारीच्याच टोल्यावरचा, म्हणजे तिच्याच पाड्यातला. तासाभराने दिवा हिरवा झाला.

"काय झाले होते?"

"वानरं, मॅडम."

"वानर केबल खाते?"

"खात नाई जी. चावून पाह्यते."

चहा दिला. सोमारी कप घेऊन आली तेव्हा त्याची नजर तिच्या काठाच्या भोकावर गेली आणि मग एकदम बशीत. अजून भलता गरम असलेला चहा त्याने गटागटा संपवला आणि निघून गेला. इतकी घाई करणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

गुरुवार, १३ मार्च

ताई दिसली. 'पाणी' दहा वेळा, 'चहा' दहा वेळा, 'भात' दहा वेळा. सिस्टर बर्नाडेटनी आम्हां दोघींना इंग्रजी असेच शिकवले होते, नागपूरच्या बोर्डिंगमध्ये, टेबलावर पट्टी आपटत. पट्टी नाही म्हणून मी चमचा घेतला आहे. ताईला तेव्हा ती पट्टी आवडत नसे, पण इंग्रजी तर आले ना.

आज ओठ हलले नाहीत. ती खिडकीकडे बघत राहिली. लक्ष लागत नाही, हीच अडचण आहे.

सोमारी फडके मारताना मध्येच वाकली आणि पडद्यात तोंड घालून म्हणाली, "काऊन वो ताई, जेवली का? आज का केलं सूनबाईनं?" ताईने मान वळवली आणि घशातून "हं" असा आवाज काढला. मी सोमारीला सांगितले, हा अभ्यासाचा वेळ आहे, ओटा पुसायचा राहिला आहे.

मंगळवार, १८ मार्च

डबा फ्रीजपासून दूर नेला. मग शोकेसवर ठेवला. मग नवीन प्लग आणवला. सुरेंद्रचा एकच उपाय: "बंद करून चालू करा जी." बोर्डिंगमध्ये प्रार्थना म्हटल्या नसतील इतक्या वेळा तो डबा मी बंद करून चालू केला आहे. अकराच्या सुमारास वारा सुटतो आणि ताई थांबते. पुन्हा हलते, पुन्हा थांबते. माझा शब्द तिच्यापर्यंत अर्धा पोचत असणार. अर्धे शब्द ऐकून कोणी बोलायला शिकेल का?

सुरेंद्रने आज सहज सांगितले की महागाचा प्लॅन घेतला तर "लाइन पक्की राह्यते." आता मला सगळे समजले. हा माणूस मुद्दाम लाइन हलवतो आहे. तेहतीस वर्षे ठेकेदारांमध्ये काढली, एवढे ओळखता येते.

गुरुवार, २० मार्च

सकाळी आठला लाल दिवा. सोमारी पुन्हा उशिरा, पण आज हसत. पळसाच्या द्रोणात मोहाची फुले घेऊन आली. टपोरी, पिवळी, ओलसर.

"पयले देवाले देल्लं, मंग तुमाले आनलं. आमच्या झाडाचं हाय."

चार खाल्ली. गोड आहेत, पण त्या गोडाच्या मागे एक वास राहतो. आवडला म्हणणार नाही, नाही आवडला असेही म्हणता येत नाही. सोमारीच्या बोटांच्या रेषा काळ्या होत्या. हात धुऊन मग भांड्यांना लाव, असे सांगितले.

सुरेंद्र फोन उचलत नाही.

सोमवार, २४ मार्च

दिवा लालच. गच्चीवर उभी राहून ताईशी फोनवर बोलले. बोलले म्हणजे मी बोलले, पलीकडून श्वास येत होता. 'पाणी', 'चहा', 'भात'. उन्हात उभे राहून आपल्या सख्ख्या बहिणीच्या श्वासाला 'भात' म्हणायचे यात काहीतरी इतके वेड्यासारखे होते की मीच थांबले.

मग रीनाने फोन घेतला. "मावशी, आईंना दोन-चार दिवस विश्रांती दिली तर? फोन आणला की त्या भिंतीकडे तोंड करतात." रीना चांगली मुलगी आहे, पण आजच्या मुलींना सगळ्यावर एकच औषध ठाऊक, विश्रांती. मी सांगितले, दिवस वाया जात आहेत, आणि ते केबलवाल्यामुळे जात आहेत, त्यात तुम्ही भर घालू नका.

रात्री जेवण गेले नाही. आम्ही दोघीच उरलो आहोत. ताई बोलली नाही तर माझ्या लहानपणाबद्दल बोलायला जगात कोणी राहणार नाही. हे रीनाला कसे कळावे.

शुक्रवार, २८ मार्च

चंदनने काल जोडून दिले. पुन्हा वानरे. मी विचारले, ही वानरे माझ्याच वायरवर का? तो म्हणाला, "शेवटचं घर हाय जी तुमचं."

ताई दिसली, पण बारीक झाली आहे. मी 'पाणी' सुरू केले. तिने डोळे मिटले. इतक्यात सोमारी झाडू घेऊन आली आणि कोणी न विचारता खाली बसली.

"ताई, आयका. काल माह्या झाडाखाली अस्वल आलं. मी म्हटलं, ये बाप्पा, तुह्याबी वाट्याचं हाय, पन माही टोपली सोडून. तं थे बसलं ना! पाव्हन्यावानी बसलं. मी का त्याले चहा देऊ?"

आणि ताई हसली. आवाज करून हसली. जानेवारीपासून पहिल्यांदा. खांदे हलले.

मी सोमारीला उठवले. हसणे म्हणजे बोलणे नव्हे, आणि वीस मिनिटांतली पाच अस्वलात गेली. ती गेल्यावर ताई माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी तिची बाहुली उचलून ठेवली की अशीच बघायची. कदाचित उजेडामुळे तसे वाटले असेल.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी साडेसातला लाल दिवा. आता पुरे झाले. कॅनव्हासचे बूट घातले, छत्री घेतली आणि घरापासून वायरच्या मागोमाग निघाले. तेहतीस वर्षे जंगलाचे कागद हाताळले, पण त्यात अशी पायी गेल्याचे आठवत नाही. ऑफिसातून जंगल दिसे ते नकाशात.

विजेच्या खांबावरून वायर ऐनाच्या झाडाला जाते, तिथे खिळा. मग साग, तिथेही खिळा. मग एक प्रचंड मोहा, आणि तिथे वायर खाली आलेली, कंबरेइतकी. फांदीच्या बेचक्यात नायलॉनची दोरी सैल पडलेली. वायरवर काळ्या टेपचे गाठोडे होते, त्याच्या शेजारी दुसरे, आणि त्यांच्या पुढे वायर वितळून मेणबत्तीसारखी लोंबत होती. खालची जमीन काळी, ऊन, मधे मधे धूर. त्या काळ्यावर पिवळी फुले नुकतीच पडत होती. आणि टोपली घेऊन वाकलेली सोमारी.

"सोमारी! ही आग कोणी लावली?"

तिने आनंदाने वर पाहिले. "बाई, तुमी इथी! मीच लावली जी. सुका पाला जाळल्याबिगर फूल दिसते का?"

"आणि ही वायर?"

"थे बंद वायर हाय. जुन्या टीव्हीची."

"ही माझी वायर आहे. हिच्यातून ताई येते."

ती हसली. माझा चेहरा पाहून थांबली. "ताई तं हवेतून येते ना जी? मोबाइलवानी. तुमच्या डब्याले दोन शिंगं हायेत ना."

मी तिला सांगितले. शिंगे घरापुरती असतात. ताई हवेतून येत नाही. पुण्याहून रस्त्यांच्या कडेने, नद्यांवरच्या पुलांवरून, तारेतून इथवर येते, आणि या झाडाखालून माझ्या घरात शिरते. मी ओरडून सांगत होते, हे मला माझ्या आवाजावरून कळले.

सोमारीने टोपली खाली ठेवली. वायरच्या वितळलेल्या टोकाला हात लावावा की नाही असे तिला झाले. मग म्हणाली, "मंग मी जाळली ताईले?"

मी परत फिरले.

दुपारी चंदनला बोलावले. दोघांना अंगणात समोरासमोर उभे केले.

"वायर इतकी खाली का?"

"सागाले खिळा ठोकला, ऐनाले ठोकला," चंदन पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला. "मोह्याले कोन ठोकते जी? देवाचं झाड हाय. जल्मल्यावर त्याचं फूल लागते, मेल्यावर बी त्याचंच. दोरी बांदली. दोरी घसरली."

"आणि वानरे?"

"वानरं बी राह्यतात तिथी."

सोमारी त्याच्यावर तुटून पडली. "दोनदा जोडून गेला, मले सांगता नाई आलं का रे? तोंडात खर्रा कोंबला होता का?"

"सांगतलं असतं तं तू बाईले सांगतलं असतं, काकी. मंग बाईनं सुरेंद्रभाऊले. मंग दोरी कोनाची निंगाली असती?"

हा त्याचा हिशेब. माझी बहीण तीन वेळा जळली, ती एका दोरीची लाज झाकायला.

शुक्रवार, ४ एप्रिल

सुरेंद्र स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. खुर्चीच्या टोकाशी बसला.

"मॅडम, तुमी तं वनविभागातल्या. तुमाले सांगाले नको. वरच्या कंपनीले खर्च द्याले आगीची नोंद लागते. तुमी लिहून द्या का वनजमिनीवर आग लावली, कोनं लावली त्याचं नाव टाका. फारेस्टवाले नोंद करतेत. आठ दिवसात दोन खांब उभे."

"आणि नाव नाही टाकले तर?"

"मंग माह्या खिशातून. मंग पावसाळा झाल्यावर पाहू."

पावसाळा झाल्यावर म्हणजे ऑक्टोबर. तोवर ताईचे महिने संपलेले असतील.

मी त्याला हाकलले नाही, हे इथे लिहून ठेवते. मी त्याला म्हटले, विचार करते.

रात्री विचार केला. जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि तो का आहे हे मला ठाऊक आहे. सांबरांची पाडसे, सागाची रोपे, सगळे मी टाइप केले आहे. सोमारीने आग लावली. माझी वायर जळली. यात खोटे काहीच नाही. खरे तेवढेच लिहायचे आहे. मग कागद समोर घेऊन मी इतका वेळ का बसले?

शनिवार, ५ एप्रिल

कागदावर 'सोमारी' लिहिले आणि अडले. पुढे काय? नऊ वर्षे ती माझ्याकडे येते आणि तिचे आडनाव मला माहीत नाही.

सकाळी विचारले, "तुझे पूर्ण नाव काय? नवऱ्याचे, आडनाव, सगळे."

तिने हात पदराला पुसले, उभी राहिली, शाळेतल्यासारखे सांगितले, "सोमारी पोचू आत्राम." मग उजळून म्हणाली, "कायच्या यादीत टाकता जी? घरकुलाच्या?"

मी म्हटले, अजून नक्की नाही.

"तुमच्या हातचं लिहिलेलं सायब लोक वाचते," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली. आज भांडी फार चकचकीत निघाली.

कागद फाडला. चुलीत नव्हे, कचऱ्याच्या डब्यात टाकला. आजकाल मला काही जाळताना विचार करावा लागतो.

सोमवार, ७ एप्रिल

सोमारीच्या घरच्यांनी काल दुबेळक्याचा बांबू रोवून वायर वर उचलली. चंदनने जोडले, सुरेंद्रला न विचारता. सोमारी आता पाला झाडून लांब ओढून नेते आणि तिकडे जाळते. दुप्पट काम. तोवर अर्धी फुले हरणे खाऊन जातात म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसती म्हणाली.

अकराला ताई. चित्र स्वच्छ. मी चमचा घेतला, 'पाणी' सुरू केले. सोमारी दाराशी उभी होती, आत येत नव्हती. वायर जळाल्यापासून ती बंद पडद्यासमोरसुद्धा येत नाही. मी म्हटले, ये, बस. ती बसली, आणि पदराने तोंड झाकून पडद्याला म्हणाली, "ताई, मीनंच तुमाले जाळलं वो. मले का मालूम, तुमी त्या काळ्या दोरीतून येता."

मी म्हटले, "सोमारी, हे सगळे नंतर. ताई, इकडे बघ. पा. पाणी. ओठ मिट. पा."

ताईने माझ्याकडे बघितले. कपाळाला आठी पडली. जीभ आत कुठेतरी धडपडली, आणि ती म्हणाली:

"गप."

स्पष्ट. शेवटी ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. दहा मार्चला पडद्यावर थांबले होते, अगदी तसेच.

पलीकडे रीना किंचाळली. सोमारी टाळ्या वाजवू लागली. मी चमचा खाली ठेवला. बऱ्याच वेळाने मला कळले की मी खरोखर गप्प बसले आहे. त्या शांततेत ताईने सोमारीकडे मान वळवली आणि "हं?" केले, म्हणजे पुढे सांग. सोमारीने अस्वलाचे पुढचे सांगायला घेतले. मी ऐकत बसले. ते अस्वल पुन्हा आले होते म्हणे.

मंगळवार, ८ एप्रिल

खालील पत्र आज हाताने पोचवले आणि पोच घेतली. नक्कल इथे उतरवते.

प्रति, सुरेंद्रभाऊ, गोकुळा केबल नेटवर्क, अहेरी.

दि. १० मार्च, सकाळी ११ वाजून ७ मिनिटांपासून माझे इंटरनेट तीन वेळा पूर्ण बंद पडले आणि चालू असताना वाऱ्याबरोबर हलत राहिले. तुमची वायर जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर लोंबत होती. ती तिथे कोणी आणि कशी बांधली हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. तुमच्या माणसाला त्यावरून बोल लावाल तर मी पुढचे पत्र तुमच्या मातोश्रींना लिहीन.

बिघाडाचे कारण: अज्ञात.

आगीची नोंद मिळणार नाही. नाव मिळणार नाही. मिळेल ती ही मागणी. मोहाच्या झाडाला वळसा घालून दोन खांब उभारावेत. मोहाला खिळा ठोकू नये, दोरी बांधू नये. काम चालू असताना झाडाखाली फुले वेचणाऱ्यांना उठवू नये. सगळे पहिल्या पावसाच्या आत व्हावे. पुण्यात एक बाई बोलायला लागल्या आहेत आणि त्यांना इकडे रोज काही ऐकायचे असते.

१४ तारखेला जयंती आहे, त्या दिवशी मी कोणालाच जाब विचारत नाही. म्हणून मंगळवार, १५ एप्रिल, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला तुमच्या सहीचे लेखी उत्तर हवे. फोन, चंदनबरोबर पाठवलेला निरोप आणि वानरे, यांपैकी काहीही उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

हेमलता दुर्गे